शंभर योजने आणि सातूचे पीठ

दिवाळीचा पाडवा हा आपल्याकडे नव्या वहीचा दिवस. दुकानदार चोपडीला हळदकुंकू वाहतात, पहिल्या पानावर स्वस्तिक काढतात आणि मग वर्षभर तिच्यात उधारी मांडतात. शके १८३२ च्या कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे १९१० सालच्या दिवाळीत, ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात एका चौपन्न वर्षांच्या कैद्यानेही अशीच एक वही उघडली. वहीच्या पानांवर आधीच आकडे घातलेले होते, म्हणजे एखादे पान नाहीसे झाले तर सरकारला कळावे. शाई वापरायची परवानगी नव्हती. शिसपेन्सिलीने त्याने लिहायला सुरुवात केली, आणि फाल्गुन वद्य अमावास्येला, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, खर्डा पुरा केला. एका पाडव्याला आरंभ आणि दुसऱ्या पाडव्याच्या उंबरठ्यावर समाप्ती. ते पुस्तक ‘गीतारहस्य’, आणि तो कैदी कोण, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे.

मला मात्र त्या पाडव्याविषयी एक निराळाच प्रश्न पडतो. त्या सकाळी लोकमान्यांनी खाल्ले काय असेल?

इतिहासाच्या पंडिताने विचारावा असा हा प्रश्न नव्हे, हे मला कळते. मी पंडित नव्हेच. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. भिवंडीत लहान मुलांना अक्षरे शिकवते, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. पण गेली अकरा वर्षे मला मधुमेह आहे. हा पाहुणा ज्याच्या घरी कायमचा मुक्कामाला आला, त्याला कोणत्याही थोर माणसाचे चरित्र वाचताना आधी त्याचे ताट दिसू लागते. लोकमान्यांनाही मधुमेह होता, आणि मंडालेची सहा वर्षे त्यांनी तो सोबत घेऊनच काढली.

या दुखण्याची गंमत अशी की त्यात नाट्य काही नाही. विषमज्वर येतो, माणसाला लोळवतो आणि एक तर उतरतो किंवा माणसाला घेऊन जातो. मधुमेह तसा नाही. तो सावकारासारखा ओसरीवर बसून असतो आणि दिवसातून चार वेळा हिशेब मागतो. किती खाल्ले, किती चाललात, केव्हा झोपलात, पायाला काही लागले तर नाही ना? पाहुणे विचारतात, “आता बरे आहे ना?” या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून आपण ‘बरे आहे’ म्हणतो आणि चहा बिनसाखरेचा टाकतो.

मग उरतात त्या फेऱ्या. आमच्या घरापासून धामणकर नाका साधारण एक किलोमीटर. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. गल्लीतून चालू लागले की दोन्ही बाजूंनी मागांची खटखट कानांवर येते, आणि त्या तालावर पाऊल आपोआप पडते. नाक्यावर पोचले की रिक्षांची गर्दी, हातगाड्या, मालाने लादलेले टेंपो. मला तेथे कामे असतात ती अशी: पिठाच्या गिरणीत ज्वारी-नाचणीचा डबा टाकायचा, कागदवाल्याकडून वह्या आणि दिवाळीच्या सुमारास आकाशकंदिलाचा पतंगी कागद घ्यायचा, कापडाच्या दुकानातून काठाच्या चिंध्या मागून आणायच्या, भाजी घ्यायची, आणि सर्वांत शेवटी औषधाच्या दुकानात जायचे. औषध शेवटी, कारण इन्सुलिनची कुपी उन्हात फिरवलेली चालत नाही. दुकानदार बर्फाच्या पिशवीत घालून देतो, आणि ते हातात पडले की मग थांबायचे नाही, थेट घर गाठायचे. वाटेत कोणी ओळखीचे भेटले तरी हात हलवून पुढे. गावात काही बायका मला शिष्ट समजतात, त्याचे मूळ त्या बर्फाच्या पिशवीत आहे.

फार वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी मला सांगितले होते की शाळा आणि लिखाण यांपैकी एक सोडा. दोन्हींचा ताण झेपायचा नाही. त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांच्या परीने ते भल्याचेच बोलत होते. पण त्यांनी तिसरी गोष्ट विचारातच घेतली नव्हती, ती म्हणजे या फेऱ्या. गिरणीत माझा नंबर लागेपर्यंत अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात, पिठाने पांढऱ्या झालेल्या बाकावर बसून, मी गेल्या कादंबरीची निदान तीन प्रकरणे लिहिली आहेत. घरी असते तर त्या अर्ध्या तासात मी पडून राहिले असते.

या चालण्याला फार जुना आधार आहे. मधुमेहाची ओळख आपल्या वैद्यांना प्राचीन काळापासून होती. रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात, हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या रोग्याने कसे राहावे ते सांगितले आहे, आणि तेथे श्रीमंत व गरीब असा भेद केलेला आहे. श्रीमंताने सावे, देवभात असल्या जाड्याभरड्या धान्यावर राहावे. गरिबाने काय करावे? त्याने पायांत काही न घालता, डोक्यावर छत्री न धरता, भिक्षा मागत, एका गावी एकापेक्षा अधिक रात्री न राहता, शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालावे. गायींच्या मागे हिंडावे. विहीर खणावी. गोळी नाही, काढा नाही, एवढेच औषध!

प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. मग मी हिशेब केला. योजन आठ मैलांचे धरले तर शंभर योजने म्हणजे आठशे मैल, सुमारे तेराशे किलोमीटर. धामणकर नाक्याची एक फेरी, जाऊन-येऊन, दोन किलोमीटरांची. रोज एक फेरी झाली तर पावणेदोन वर्षांत सुश्रुताची शंभर योजने पुरी होतात. म्हणजे अकरा वर्षांत मी सहा वेळा बरी व्हायला हवी होते! अर्थात रोज फेरी होत नाही, आणि भिक्षेऐवजी मी भाजी आणते. शिवाय अनवाणी चालण्याची सूचना आज कोणी पाळू नये. या रोगात पायांची जाणीव हळूहळू बधिर होते. काटा रुतला तरी कळत नाही, आणि साध्या फोडाची जखम होऊन पाय गमावण्याची वेळ येते. त्या वैद्याने चालायला लावले ते बरोबर; चपला काढायला लावल्या ते मात्र आजच्या वैद्यकाला पटणारे नाही. दोन्ही गोष्टी एकाच वचनाच्या पदरात आहेत, म्हणून जुने सर्वच खरे किंवा सर्वच खोटे म्हणणाऱ्यांची पंचाईत होते.

चरकाने या रोगात सर्व धान्यांत जवाला पहिला मान दिला आहे. जव म्हणजे आपला सातू. (येथे घोटाळा नको: आपल्या घरांत ‘सातूचे पीठ’ म्हणून गूळ-दुधात कालवून खातात, ते बहुधा भाजलेल्या गव्हाचे नि डाळीचे असते. त्यात नावापुरताही सातू नसतो, आणि गूळ तर आम्हां मंडळींना वर्ज्य.) आता मंडालेला जाऊ, कारण तेथल्या ताटात हाच सातू आहे.

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या न्यायालयात लोकमान्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वयाला बावन्न वर्षे पुरी व्हायची होती. प्रथम साबरमतीचा तुरुंग. तेथे प्रकृती खालावली. पुढे वय आणि प्रकृती पाहून शिक्षा साध्या कैदेवर आली, आणि सप्टेंबरात त्यांना आगबोटीने रंगूनला व तेथून मंडालेला नेले. तेथील इमारत लाकडी होती. १९२५ साली सुभाषचंद्र बोस याच तुरुंगात राजबंदी म्हणून होते. लोकमान्यांच्या त्या जागेविषयी त्यांनी नरसिंह चिंतामण केळकरांना एक पत्र लिहिले आहे. लाकडी गजांच्या त्या भिंती उन्हाळ्यात ऊन अडवीत नाहीत, हिवाळ्यात गारठा अडवीत नाहीत, आणि धुळीला तर दारे सताड उघडी. तशा जागेत, मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने, एवढा ग्रंथ एका माणसाने लिहिला, याचे सुभाषबाबूंना नवल वाटले होते. त्या भिंती त्यांनी स्वतः अनुभवल्या होत्या, म्हणून त्यांचे नवल मला इतर शंभर स्तुतिपाठकांच्या स्तुतीहून अधिक वजनाचे वाटते.

लोकमान्यांनी तेथे भात आणि गहू सोडले, आणि सातूच्या पिठावर, दूध-दही-तुपावर राहू लागले. इन्सुलिन नव्हते, साखर मोजण्याचे घरगुती यंत्र नव्हते. पथ्य हाच एक उपाय, आणि ते पथ्य तुरुंगात सांभाळायचे. ही गोष्ट एकट्याने होणारी नव्हती. त्यांना स्वयंपाकासाठी एक कैदी देण्यात आला, वासुदेव रामराव कुलकर्णी, सातारा जिल्ह्यातले. शिक्षा भोगायला आलेला माणूस, आणि वाट्याला आले ते एका मधुमेही माणसाचे ताट सांभाळणे. या कुलकर्ण्यांनी पुढे आपल्या आठवणी सांगितल्या, म्हणून आज आपल्याला त्या खोलीतले थोडेफार कळते. ‘गीतारहस्या’वर विद्वानांनी किती लिहिले, त्याची गणती नाही, पण सकाळी चूल कोणी पेटवली हे त्या एका कैद्याकडूनच कळते.

सातूची भाकरी कधी थापली आहे, वाचकहो? मी थापली आहे. गव्हाचा चिकटपणा तिच्यात नसतो. पाणी कोमट घ्यावे लागते, पीठ हाताने रगडावे लागते, आणि तरी ती तव्यावर टाकताना काठाशी फाटते. तुरुंगातल्या चुलीवर, मिळेल त्या सरपणावर, दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्ष हे पीठ शिजवणाऱ्याच्या हाताला मी पहिला नमस्कार करते. लोकमान्य त्याबद्दल रागावणार नाहीत.

बाकीची कामे पत्रांवाटे चालत. भाचे धोंडोपंत विद्वांस यांना लिहिलेल्या पत्रांत तत्त्वज्ञान कमी आणि कामांची यादी अधिक. अमुक पुस्तक पाठव, मुलांच्या अभ्यासाचे पाहा, घरचे असे कर, तसे कर. ही पत्रे वाचताना मला धामणकर नाक्याला निघण्यापूर्वी चिठ्ठीवर लिहिलेली माझी यादी आठवते. फरक एवढाच की माझी यादी तासाभरात पुरी होते. त्यांची पुण्याला पोचायची, कोणी तरी पेठेतून वस्तू गोळा करायची, ती बांधायची, समुद्रापार धाडायची, अधिकाऱ्यांनी ती उघडून पाहायची आणि मग मंडालेला मिळायची. अशी एक एक करून त्या खोलीत सुमारे चारशे पुस्तके जमा झाली. कोणी तरी चारशे वेळा पुस्तक शोधायला, आणायला, बांधायला बाहेर पडले असणार! धोंडोपंत नसते तर पेन्सिल असूनही लिहायला आधार मिळाला नसता.

आणि लिहिण्यापलीकडची लहान सुखे? ती तेथेही होती. वयाच्या पन्नाशीनंतर या गृहस्थाने तुरुंगात बसून जर्मन आणि फ्रेंच भाषा शिकायला घेतल्या. शिक्षक नाही, बोलायला कोणी नाही. व्याकरण उघडायचे आणि शाळकरी पोरासारखे रूपे पाठ करायची. मी शिक्षिका आहे, म्हणून सांगते: नवे अक्षर ओळखू आले त्या क्षणी चेहऱ्यावर जो उजेड येतो तो सहा वर्षांच्या मुलाचा नि पन्नाशीच्या माणसाचा सारखाच असतो. कुलकर्ण्यांच्या आठवणींत पाखरांचाही उल्लेख आहे. लोकमान्य त्यांना दाणे घालीत, आणि ती इतकी धीट झाली होती की त्यांच्या अंगाखांद्यावर येऊन बसत. ज्या हातातल्या लेखणीला सरकार एवढे भीत होते, त्या हाताला चिमणी भीत नव्हती. हे चित्र माझ्या मनातून जात नाही. शाळेतल्या पुस्तकांत मात्र ते मी कधी पाहिले नाही. तेथे असते ती पगडी, उपरणे आणि गर्जना.

हे सगळे लिहिताना एका व्यक्तीपाशी मी अडखळते. १९१२ च्या जूनच्या ७ तारखेला पुण्यात सत्यभामाबाई वारल्या. त्याही दुखणाईत होत्या. तुरुंगात तार गेली. चार वर्षे झाली होती, दोन वर्षे उरली होती. लोकमान्यांचे दुखणे, त्यांचे पथ्य, त्यांची पुस्तके यांविषयी आपल्याला पुष्कळ वाचायला मिळते, ते योग्यच आहे. सत्यभामाबाईंच्या दुखण्याविषयी काय वाचायला मिळते? गायकवाडवाड्यात त्यांच्यासाठी पथ्याचे कोण रांधीत होते, त्यांना बरे वाटले तर त्या काय करीत, रांगोळी घालीत की वाती वळीत? त्यांच्या दुपारी कशा जात? बाईचे दुखणे हे घरातल्या इतर कामांसारखेच एक काम असते. ते आटोपले की त्याची आठवण कोणी ठेवीत नाही. मी इतिहास लिहू शकत नाही, पण कादंबरी लिहिते. आणि त्या वाड्यातली एक दुपार मला कित्येक वर्षे छळते आहे. ती मी अजून लिहिलेली नाही. थोरामोठ्यांच्या घरात शिरून पात्रांच्या तोंडी मन मानेल ते घालण्याची हल्लीची रीत मला पसंत नाही.

१९१४ च्या जूनमध्ये लोकमान्य सुटून पुण्यास आले, तेव्हा लिहिलेल्या वह्या सरकारने ठेवून घेतल्या होत्या. मित्रांना चिंता पडली. लोकमान्यांना पडली नाही. ग्रंथ डोक्यात आहे, वह्या परत न मिळाल्या तर पुन्हा लिहून काढू, असे त्यांचे म्हणणे. वह्या पुढे परत मिळाल्या आणि १९१५ साली ग्रंथ छापून निघाला. पाच वर्षांनी, १ ऑगस्ट १९२० रोजी, मुंबईत सरदारगृहात त्यांचे देहावसान झाले. शेवटचे दुखणे तापाचे होते.

त्यानंतर अवघ्या सतरा महिन्यांनी, ११ जानेवारी १९२२ रोजी, कॅनडातील टोरांटो शहरात लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई टोचली. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, गुण येईना. कॉलिप नावाच्या रसायनज्ञाने तो अधिक शुद्ध केला आणि जानेवारीच्या २३ तारखेला पुन्हा टोचला, तेव्हा साखर उतरली. तोवर असल्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून दिवस लांबवणे एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. शोध लावणाऱ्या बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपले हक्क टोरांटोच्या विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. औषधाच्या दुकानात बिल चुकते करताना मला या डॉलरची आठवण होते, आणि मग ती मी विसरण्याचा प्रयत्न करते.

रोज टोचलेल्या बोटांनी मी गोधडी शिवते. आमच्या गावात कापडाच्या चिंध्यांना तोटा नाही. मागावरून उतरलेल्या ताग्यांचे काठ, डागाळलेले तुकडे, रंग चुकलेले गज-दीड गज. साखर तपासायला एक सुई, इन्सुलिनला दुसरी, गोधडीला तिसरी. तिसरी टोचली तरी तक्रार नसते. गेल्या तीन हिवाळ्यांत दोन गोधड्या झाल्या. एक धाकट्या बहिणीच्या मुलीला गेली, दुसरीवर आमची मांजर झोपते. वेग म्हणाल तर लाजिरवाणा. पण ज्या संध्याकाळी एक शब्द सुचत नाही, शाळेच्या वह्या तपासायला डोळे नाही म्हणतात, त्या संध्याकाळी दहा टाके पडतात. दहा टाके म्हणजे दोन बोटे लांबी.

दहा टाक्यांचे मोल ज्याला नीट कळले असते असा एक माणूस पुण्यात होऊन गेला, आणि त्याची गोष्ट मला मंडालेहूनही अधिक जवळची वाटते. जोतीराव फुल्यांना ११ मे १८८८ रोजी मुंबईत मोठी सभा भरवून ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली. दोनच महिन्यांनी, जुलैत, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. वय एकसष्ट. हा माणूस आयुष्यभर चालता-बोलता, हिंडता-फिरता. घरचा धंदा फुलांचा. स्वतः कंत्राटे घेतलेली, बांधकामाला माल पुरवलेला, शाळा काढलेल्या, सभा गाजवलेल्या. त्याला एकदम खाटेवर पडायची पाळी आली. डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी औषधोपचार केले. जिवावरचे टळले, पण उजवा हात पूर्ववत झाला नाही. पैशाचीही ओढाताण होती. मामा परमानंदांसारख्या स्नेह्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकावा लागला.

जोतीरावांना तेव्हा एक पुस्तक लिहायचे होते, ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’. उजवा हात चालेना, म्हणून त्यांनी ते डाव्या हाताने लिहिले.

हे वाक्य आपण पटकन वाचून पुढे जातो. मला पुढे जाता येत नाही, कारण डावखुऱ्या मुलांना अक्षरे शिकवण्यात माझी वर्षे गेली आहेत. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते. उजव्या हाताचा माणूस लिहीत पुढे सरकतो आणि लिहिलेले मागे उघडे राहते. डाव्या हाताचा माणूस आपल्याच अक्षरावरून हात फिरवत पुढे जातो. ओली शाई पुसते, तळहाताची कड काळी होते, आणि आत्ता काय लिहिले ते हाताखाली झाकलेले. टाक असेल तर तो ओढला जात नाही, ढकलला जातो. ढकललेला टाक कागदात रुततो, शिंतोडे उडवतो. जन्माने डावखुऱ्या मुलाचा हात निदान हलका असतो. ज्याने आयुष्यभर उजव्याने लिहिले त्याचा डावा हात म्हणजे बिगरीतला विद्यार्थी. ‘अ’ची गाठ वळत नाही, ‘ळ’ उलटा होतो, शिरोरेषा डोंगराची वाट धरते. म्हणजे जोतीरावांनी ग्रंथ लिहिला, हे अर्धे झाले; त्याआधी एकसष्टाव्या वर्षी त्यांनी पुन्हा धुळाक्षरे गिरवली. आणि ज्या घरात ती गिरवली गेली त्या घरात सावित्रीबाई होत्या, ज्यांना पहिली अक्षरे जोतीरावांनीच शिकवली होती. खाटेपाशी कागद कोणी धरला, दौत कोणी भरली, पुसलेली ओळ कोणी वाचून दाखवली, हे मला कोणी सांगायला नको.

त्या महिन्यांत जोतीराव फक्त ग्रंथच लिहीत होते असे कोणी समजू नये. पक्षाघाताच्या माणसाचा दिवस उठून बसण्यात जातो. सदऱ्याची बाही चढवणे हे काम, घास तोंडापर्यंत नेणे हे काम, दारापर्यंत जाऊन येणे ही मोहीम. या सगळ्यांतून उरलेल्या वेळात जितक्या ओळी होतील तितक्या. १८८९ च्या एप्रिलमध्ये पुस्तक पुरे झाले, म्हणजे झटक्यानंतर नऊ महिन्यांच्या आत. लोकमान्यांना पाच महिने लागले ते उजव्या हाताने. तुलना करू नये, पण मी शिक्षिका आहे. वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची खोड जात नाही.

त्या पुस्तकात स्त्री आणि पुरुष सारखेच माणूस आहेत, हे जोतीरावांनी सांगितले. लग्नासारखी कार्ये भटाविना साधेपणाने कशी करावी याच्या विधी दिल्या. म्हणजे आजाऱ्याने लिहिलेल्या त्या पुस्तकात इतरांच्या घरची मंगलकार्ये आहेत, हार आहेत, वधूवर आहेत. दुखण्याविषयी रडगाणे नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. पुस्तक तेव्हा छापले गेले नव्हते. पुढल्या वर्षी, १८९१ साली, त्यांच्या दत्तक मुलाने, यशवंताने, ते छापून प्रसिद्ध केले.